प्रसाद, वावडे आणि प्रमाण

अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाने प्रसाद नाकारला तर तो देवाचा अवमान ठरतो का, हा एक प्रश्न. तो पदार्थ मुलाला खरोखर बाधतो की नाही हे ठरवण्यासाठी तोच पदार्थ त्याला मुद्दाम खाऊ घालणे धर्माला धरून आहे का, हा दुसरा. पहिला घरात आणि देवळात उठतो, दुसरा रुग्णालयात. दोन्हीकडे एक मोठा माणूस लहान मुलाच्या हातावर घास ठेवत असतो आणि दोन्हीकडे त्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही एक घास योग्य आणि दुसरा अयोग्य ठरू शकतो. तो कशामुळे ठरतो, हा या प्रश्नांचा गाभा आहे.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, या प्रश्नाला रोजच्या जगण्याचा संदर्भ आहे. खालापूर तालुक्यातले महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान. तिथले देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. कर्जत तालुक्यात कडावचा गणपती आहे, खोपोलीत गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे, आणि गावोगावी हरिनाम सप्ताह, भंडारे, साखरचौथीचे गणपती, सत्यनारायण चालूच असतात. वर्षातला क्वचितच एखादा आठवडा असा जातो की लहान मुलाच्या हातावर कोणी काही गोड ठेवले नाही. आई बिचकली तर ठेवणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते : ‘अगं, प्रसादानं काही होत नाही. चिमूटभर तर आहे.’

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढण्यासाठी असते. काही मुलांमध्ये ती अन्नातल्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ या वर्गाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचेतल्या, आतड्यातल्या आणि श्वासमार्गातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले की या पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात, खोकला लागतो, छाती घरघरते. सर्वांत तीव्र रूपात रक्तदाब कोसळतो आणि मूल निपचित पडते. या तीव्र रूपाला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुधातली साखर न पचल्याने पोट फुगणे ही याहून निराळी गोष्ट आहे. त्यात त्रास होतो, जिवाला धोका नसतो. गावाकडे दोन्हींना ‘वावडं’च म्हणतात आणि अंगावर उठलेल्या गांधींना ‘पित्त उठलं’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे गंभीर प्रकार अनेकदा लवकर ओळखला जात नाही.

बहुतेक गंभीर ॲलर्जी मोजक्याच पदार्थांमुळे होतात : दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, तीळ. ही यादी प्रसादाच्या ताटाशी ताडून पाहावी. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो. त्यात रवा, तूप, दूध, साखर, केळे आणि वरून काजू-बेदाणे असतात. म्हणजे गहू, दूध आणि सुका मेवा एकाच घासात येतात. पंचामृतात दूध, दही आणि तूप आहे. पेढा तर सगळा दुधाचाच. पंचखाद्यात बदाम पडतो, संक्रांतीला तिळगूळ, उपासाला दाण्याचे कूट, आणि घाटावरून उतरताना आणलेली शेंगदाण्याची चिक्की बारमाही. या मानाने उकडीचा मोदक निर्धोक म्हणावा लागेल. तांदळाची पिठी, ओले खोबरे आणि गूळ यांपैकी कशाचीच ॲलर्जी सहसा आढळत नाही. मात्र वर सोडलेली तुपाची धार दुधाच्या तीव्र ॲलर्जीत चालत नाही.

पदार्थ निवडला म्हणजेही काम संपत नाही. भंडाऱ्याच्या पंगतीत एकच माणूस एका हाताने बुंदी वाढतो आणि त्याच हाताने पुढे भात. खिरीत बुडालेले ओगराळे आमटीत जाते. दाण्याची चटणी वाढलेला चमचा लोणच्याच्या वाडग्यात पडतो. ज्या मुलाला शेंगदाण्याच्या कणानेही त्रास होतो त्याच्यासाठी पानात काय वाढले याइतकेच ते कशाने वाढले हेही महत्त्वाचे असते. काल्याच्या दिवशी तर दही, लाह्या, पोहे, डाळ, फळे एकत्र कालवून सगळे एकमेकांच्या मुखात घास देतात. तिथे वेगळे काढून ठेवण्याची कल्पनाच त्या विधीच्या भावाच्या विरुद्ध वाटते.

प्रसाद नाकारणे लोकांना का लागते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. एक कारण पोथीत आहे. सत्यनारायणाच्या कथेत कलावती नवरा परत आल्याच्या आनंदात प्रसाद न घेताच धावत सुटते आणि नवऱ्यासह नौका दिसेनाशी होते. तुंगध्वज राजा रानात गोपांनी दिलेला प्रसाद न खाता निघून जातो आणि पुत्र, धन, राज्य गमावतो. ही कथा ऐकत लहानाची मोठी झालेली आजी नातवाने शिरा नाकारताना पाहते, तेव्हा तिला वाटणारी भीती नातवासाठीचीच असते. तिला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरे कारण समाजाच्या इतिहासात आहे. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, यावर या देशात माणसाची पायरी ठरत आली. याच रायगड जिल्ह्यात, महडच्या नव्हे तर दक्षिणेकडच्या महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. समोरच्याच्या हातचे न घेणे हा जिथे पिढ्यानपिढ्या अपमानाचा प्रकार होता, तिथे कारण न सांगता बाजूला सारलेला द्रोण जखम उघडी करतो. वारकऱ्यांचा काला ही त्या अपमानावर काढलेली तोड होती. सगळ्यांचा घास एक. म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरच्यांनी नकाराचे कारण स्पष्ट शब्दांत आणि मोकळेपणाने सांगणे आवश्यक आहे. नुसते ‘नको’ म्हटले तर समोरचा माणूस आपापल्या अनुभवाप्रमाणे त्याचा अर्थ लावतो.

आता पोथीतल्या दोन्ही प्रसंगांकडे नीट पाहिले तर दोष कशाला दिला आहे ते दिसते. कलावतीच्या हातून घाईत विसर पडला. तुंगध्वजाने गोपांना कमी लेखले. एकीचा दोष अनवधान, दुसऱ्याचा गर्व. देहाला सोसत नाही म्हणून हात जोडून थांबलेल्या माणसाची गोष्ट त्या कथेत नाही, आणि जी गोष्ट कथेत नाही तिची शिक्षा मुलाच्या माथी मारता येत नाही. वर्ज्य करण्याला धर्मात पुरेपूर जागा आहे. चातुर्मासात कोणी वांगे सोडतो, कोणी कांदा-लसूण सोडतो. काशीला जाऊन आवडते फळ कायमचे सोडून आलेली माणसे जवळजवळ प्रत्येक गावात सापडतात. त्यांच्या पानात तो पदार्थ कोणी आग्रहाने वाढत नाही. देवासाठी सोडलेल्या पदार्थाला जो मान मिळतो तो देवानेच दिलेल्या देहासाठी सोडलेल्या पदार्थाला मिळू नये, याला कोणताही आधार दाखवता येत नाही.

जीव आणि अन्नाचा नियम यांची गाठ पडली तर काय करावे, यावर उपनिषदांत एक सुरेख प्रसंग आहे. छांदोग्य उपनिषदातले उषस्ती चाक्रायण दुष्काळात एका माणसाकडून त्याचे उष्टे कुळीथ मागून खातात. तो माणूस पाणीही देऊ करतो, तेव्हा मात्र ते उष्टे म्हणून नाकारतात. कुळीथ खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी तर कुठेही मिळेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. ब्रह्मसूत्रांनी या प्रसंगावरून नियम काढला : प्राणसंकटात अन्नाचे निर्बंध सुटतात, एरवी सुटत नाहीत. या न्यायाला दोन बाजू आहेत. प्राणाला धोका असेल तर प्रसाद घेण्याचा नियम बाजूला ठेवता येतो, ही पहिली. दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे : धोका खरा असेल तरच. नुसत्या संशयावर सवलत घेता येत नाही. उषस्तींनी आपल्या गरजेची सीमा नेमकी ओळखली होती, म्हणून त्यांचे वागणे आदर्श ठरले.

इतर धर्मांचाही कौल याच दिशेने जातो. इस्लाममध्ये आजारी माणसाला रमजानच्या रोज्यातून सूट आहे. यहुदी परंपरेत जीव वाचवण्यापुढे जवळजवळ सगळे विधिनिषेध मागे पडतात. रायगडच्या किनारपट्टीवर वस्ती करून राहिलेल्या बेने इस्रायली या यहुदी समाजाच्या मलिदा या नैवेद्यात गोड पोहे, खोबरे आणि सुका मेवा असतो. तिथेही हाच न्याय लागू होतो. कॅथलिक चर्चने मात्र वेगळी रेघ ओढली आहे. गव्हातले ग्लुटेन पूर्णपणे काढलेला होस्त, म्हणजे प्रसादाची चकती, ख्रिस्तप्रसादासाठी ग्राह्य नाही, अल्प ग्लुटेनचा चालतो, असे व्हॅटिकनच्या २०१७ च्या पत्रकाने पुन्हा स्पष्ट केले. ज्याला तोही सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद घ्यावा, अशी मुभा आहे. म्हणजे द्रव्याचा आग्रह सर्वांत कडक असलेल्या परंपरेनेही भक्ताला दाराबाहेर ठेवलेले नाही.

पहिल्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग आता येतो. देवापुढे ठेवलेला पदार्थ बाधत नाही, ही श्रद्धा खरी की खोटी? मीराबाईला दिलेले विष चरणामृत समजून तिने प्राशन केले आणि ते तिला बाधले नाही, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती खोटी ठरवण्याची इथे गरजच नाही. कथा खरी मानली तरी पेला उचलणारा हात मीरेचा स्वतःचा होता. परीक्षा तिच्या श्रद्धेची होती आणि पणाला लागलेला देहही तिचाच होता. दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या लेकरावर आपल्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार ती कथा कोणालाही देत नाही. शिवाय भक्तिमार्गात देव भावाचा भुकेला आहे. पान, फूल, फळ, पाणी यांतले काहीही त्याला पुरते, असे गीतेत सांगितले आहे. नैवेद्यातला भाव देवाने घेतला, द्रव्य जसे होते तसे परत मिळाले. त्या द्रव्यातले दुधाचे प्रथिन मुलाच्या शरीराला दुधाचेच प्रथिन वाटते. आणि प्रसाद खाण्याचाच असतो असेही नाही : तुळशीचे पान, देवावरचे फूल, अंगारा, कुंकू हाही प्रसादच. पेढ्याऐवजी जास्वंदीचे फूल घेऊन निघालेले मूल रिकाम्या हाताने गेले, असे महडच्या गाभाऱ्यात उभ्या असलेल्या कोणीही म्हणू नये.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते : देहाला बाधते हे खरोखर माहीत असेल तर नकारात अवमान नाही. पण ‘खरोखर माहीत’ म्हणजे काय, हे ठरवायला प्रमाणांचा, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याच्या साधनांचा, विचार करावा लागतो, आणि तिथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

ॲलर्जीच्या दोन तपासण्या सर्वत्र चालतात. एक त्वचेवरची. हाताच्या आतल्या बाजूवर किंवा पाठीवर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. शेजारी एक थेंब नुसत्या क्षाराच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा असतो. पाण्याच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांध आली तर तपासणी सकारात्मक धरतात. दुसरी रक्ताची. तिच्यात त्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे किती आहेत ते मोजतात. दोन्हींतून कळते ते एवढेच की प्रतिपिंडे आहेत. मूल तो पदार्थ खाईल तेव्हा त्याला त्रास होईलच, हे त्यावरून केलेले अनुमान असते.

आणि अनुमान कुठे फसते याचा जितका बारकाईने विचार न्यायशास्त्राने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राने, केला तितका फार थोड्यांनी केला असेल. धुरावरून अग्नीचे अनुमान बरोबर, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. उलट अग्नीवरून धुराचे अनुमान चुकीचे, कारण लोखंडाच्या तापलेल्या लाल गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला ओल्या सरपणाची जोड मिळाली तरच धूर होतो. या जोडअटीला नैयायिक उपाधी म्हणतात. प्रतिपिंडे आणि ॲलर्जी यांचे नाते नेमके असेच आहे. ज्याला आयजीईमुळे ॲलर्जी होते त्याच्यात प्रतिपिंडे बहुधा सापडतातच. पण प्रतिपिंडे सापडलेल्या प्रत्येकाला ॲलर्जी होत नाही. इथल्या उपाध्याही वैद्यकाला ठाऊक आहेत : पोटात गेलेली मात्रा, पदार्थ कच्चा की भाजलेला, अंगात ताप आहे का, खाल्ल्यावर लगेच धावपळ झाली का. अंडे आणि दूध पिठात घालून भट्टीत खूप वेळ भाजले तर ॲलर्जी असलेल्या अनेक मुलांनाही सोसते. शेंगदाणा भाजल्याने मात्र सौम्य होत नाही.

भारतात हे अंतर फारच मोठे आहे. बंगळूर आणि म्हैसूर इथल्या प्रौढांच्या ‘युरोप्रिव्हॉल’ पाहणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे असलेले लोक २६.५ टक्के निघाले. लक्षणांसह संभाव्य ॲलर्जी असलेले होते १.२ टक्के. त्याच प्रकल्पात भारतातल्या शाळकरी मुलांमध्ये संभाव्य ॲलर्जीचे प्रमाण ०.१४ टक्के आढळले. म्हणजे केवळ रक्ताच्या अहवालावरून पदार्थ बंद करत गेलो तर बंद करण्याची गरज नसलेल्या मुलांचीच संख्या मोठी असेल. पन्नास-शंभर पदार्थांची लांबलचक यादी छापून देणाऱ्या आणि ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मोजणाऱ्या तपासण्या तर ॲलर्जी ठरवायला अजिबात उपयोगाच्या नाहीत. आयजीजी हे पदार्थ खाण्यात आल्याचे चिन्ह आहे, बाधल्याचे नव्हे.

शब्दप्रमाणाचे, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्याचे, स्थान इथे मोठे आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखी लागू आहे, असे न्यायभाष्यकार वात्स्यायनाने म्हटले आहे. या मोजमापाने पाहिले तर डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या ठाकरवाडीतली किंवा कातकरीवाडीतली आई, जिने चिंबोरीचा रस्सा खाल्ल्यावर अर्ध्या तासात पोराचे ओठ सुजताना पाहिले, ती पूर्ण आप्त आहे. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झाले का, ही तिची हकीकत कोणत्याही तपासणीआधी आणि तपासणीइतकीच मोलाची असते. ज्याने पदार्थ केला नाही आणि त्यात काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो कितीही आदरणीय असला तरी ‘काही होत नाही’ या त्याच्या वाक्याला प्रमाण म्हणता येत नाही.

हकीकत आणि तपासणी यांचा मेळ बसला नाही तर प्रत्यक्ष उरते. वैद्यकात त्याला ‘ओरल फूड चॅलेंज’ म्हणतात : संशयित पदार्थ देखरेखीखाली खाऊ घालून पाहणे. कर्जत-खालापूरच्या मुलांना त्यासाठी बहुधा मुंबईला किंवा पुण्याला न्यावे लागते, कारण प्रशिक्षित तज्ज्ञ आणि बालअतिदक्षता विभाग ही त्याची पूर्वअट आहे. ताप, सर्दी किंवा दम्याची उबळ असेल तर तो दिवस पुढे ढकलतात. ॲलर्जीची रोजची औषधे काही दिवस आधी थांबवलेली असतात. सकाळी मुलाचे वजन करतात, श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचा तपासून नोंदवतात. वजनाप्रमाणे ॲनाफिलॅक्सिसवर दिल्या जाणाऱ्या ॲड्रेनलिनची मात्रा काढून हाताशी ठेवतात : किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांसाठी एका वेळी जास्तीत जास्त ०.३.

मग पहिला घास. शेंगदाण्याची शंका असेल तर सुरुवात तीन मिलिग्रॅम प्रथिनाने करता येते. एका शेंगदाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्रथिन असते. म्हणजे हा घास एका दाण्याचा सुमारे सत्तर-ऐंशीवा भाग भरतो. तो केळ्यात किंवा तांदळाच्या मऊ पेजेत मिसळलेला असतो. वीस ते तीस मिनिटे थांबायचे. परिचारिका मानेकडे, पोटावर, कानामागे पाहते. मूल खेळते की गप्प झाले, घसा खाजवते का, आवाज बसला का, हे टिपते. काही नाही तर दहा, मग तीस, शंभर, तीनशे, हजार, तीन हजार मिलिग्रॅम. कुठल्याही पायरीवर स्पष्ट लक्षण दिसले की खाणे तिथेच थांबते आणि उपचार सुरू होतो. सगळ्या पायऱ्या पार पडल्या तरी पुढे दोन तास किंवा अधिक वेळ मुलाला सोडत नाहीत. अर्धा-पाऊण दिवस जातो. प्रसाद देणाऱ्याच्या बोटांतले ‘चिमूटभर’ दाण्याचे कूट या पहिल्या घासाच्या कितीतरी पट असते, एवढे जरी या आकड्यांवरून ध्यानात राहिले तरी पुरे.

प्रत्यक्षही दोषमुक्त नसते. ते अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारे असावे, ही अट गौतमाच्या न्यायसूत्रांतच आहे. घाबरलेल्या मुलाला नुसत्या वासानेही खाज सुटते आणि घाबरलेल्या आईला नसलेली गांध दिसते. म्हणून सर्वांत विश्वसनीय पद्धतीत दोन वेगवेगळ्या वेळी दोन सारखे दिसणारे, सारख्या चवीचे पदार्थ देतात. एकात संशयित अन्न असते, एकात नसते, आणि कोणत्यात आहे हे मुलाला, आईबापांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसते. १९७६ मध्ये चार्ल्स मे या अमेरिकी डॉक्टरांनी दमेकरी मुलांवर ही पद्धत वापरली आणि तिथून ती अन्नाच्या ॲलर्जीत रुळली. मनातला भाव निष्कर्षात शिरू नये यासाठी केलेली ही खटपट आहे, आणि सत्याविषयीच्या आदराचे तिच्याइतके शिस्तबद्ध उदाहरण वैद्यकात दुसरे क्वचितच सापडेल.

आता मूळ शंकेला उत्तर देता येते. डॉक्टरही बाधू शकणारा घास देतो आणि प्रसाद देणाराही. मग फरक काय? हेतू दोघांचाही शुद्ध आहे, त्यामुळे हेतूवरून निवाडा होत नाही. तो चार गोष्टींवरून होतो. डॉक्टरला धोका माहीत असतो आणि त्याने तो आईबापांना सांगितलेला असतो. मात्रा मोजलेली असते. कुठे थांबायचे हे आधी ठरलेले असते. आणि चुकले तर सावरण्याचे साधन हातात असते. याखेरीज एक पाचवी गोष्ट आहे, ती या सगळ्यांहून मोठी : निकाल काहीही लागो, तो स्वीकारायची डॉक्टरची तयारी असते. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचा निकाल घासाआधीच लागलेला असतो. काही झालेच तर तो नजर लागली म्हणतो, उन्हाचे झाले म्हणतो. प्रयोगातून शिकण्याची वाटच त्याने बंद केलेली असते.

तरीही चॅलेंज पूर्ण निर्धोक नाही. त्यात तीव्र प्रतिक्रिया येतात, आणि अत्यंत विरळ असले तरी मृत्यूही नोंदले गेले आहेत. ज्याने स्वतः होकार दिलेला नाही अशा मुलाला इतकाही धोका का पत्करायला लावायचा, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर चॅलेंज न केल्याने, म्हणजे संशयावरच पदार्थ टाळत राहिल्याने, काय होते यात आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला दिला. हेतू सावधगिरीचा होता. २००८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, तर बाळपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खाणाऱ्या इस्रायलच्या मुलांमध्ये ०.१७ टक्के आढळली. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या ‘लीप’ अभ्यासाने जोखमीच्या ६४० बाळांवरून दाखवले की लवकर आणि नियमित शेंगदाणा खाणाऱ्यांत ही ॲलर्जी ८१ टक्क्यांनी कमी होते. टाळणे म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतच उलटे निघाले. अहिंसेच्या विचारालाही हे लागू आहे : काही न करणे म्हणजे इजा न करणे, असे नेहमी नसते.

या दोन तालुक्यांत तर न केल्याची किंमत अधिक आहे. डोंगरकडेच्या वाड्यांवर मुलांचे वजन हा अंगणवाडी सेविकेचा रोजचा घोर असतो. तिथल्या ताटात भात, नाचणी असते. स्वस्तातले प्रथिन म्हणजे अंडे, शेंगदाणा, डाळ, सुकट. एकदा अंगावर पित्त उठले म्हणून अंडे बंद, दुसऱ्यांदा उठले म्हणून शेंगदाणा बंद, असे संशयावर होत गेले तर ॲलर्जी नसलेले मूल कुपोषणाच्या रेषेखाली जाते. आणि खरी ॲलर्जी असलेल्या मुलावर तो शिक्का जन्मभर राहावा, हेही बरोबर नाही. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची जाते. देह बदलतो तसे त्याच्याविषयीचे ज्ञानही वेळोवेळी ताडून पाहावे लागते. मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला समजेल अशा भाषेत चॅलेंज काय आहे ते सांगून त्याचा कौल घेणे हा त्याचा हक्क आहे. ते घाबरून नाही म्हणाले तर तो दिवस पुढे ढकलावा.

चॅलेंजमध्ये ॲलर्जी सिद्ध झाली तर घरच्यांचा नकार सप्रमाण होतो. तिथून पुढचे कर्तव्य अन्न देणाऱ्याचे आहे. अन्नाची निंदा करू नये आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही तैत्तिरीय उपनिषदातली व्रते यजमानाला सांगितलेली आहेत. ती पाळायची तर अन्नात काय आहे हे सांगणे हा अन्नदानाचाच भाग मानला पाहिजे. वेष्टनातल्या पदार्थांवर दूध, अंडे, मासे, कवचधारी जीव, शेंगदाणा व सुका मेवा, सोयाबीन आणि ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख २०२० च्या अन्नसुरक्षा नियमावलीने बंधनकारक केला आहे. द्रोणात मिळणाऱ्या शिऱ्यावर मात्र वेष्टन नसते.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांनी, सप्ताहाच्या मंडळांनी आणि घरी पूजा घालणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रसादात काय आहे ते फळ्यावर खडूने लिहावे. फुलाचा किंवा तुळशीचा प्रसाद मागणाऱ्या मुलाला तो कारण न विचारता द्यावा. आणि खाल्ल्यानंतर मूल सुजले, धापा टाकू लागले किंवा निपचित झाले, तर अंगारा लावून वाट पाहू नये. मुलाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, धाप लागली असेल तर बसते ठेवावे, १०८ ला फोन करावा आणि जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. अशा वेळी जीव वाचवणारे औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन. खाज कमी करणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. लसीकरणासाठी वाडीवर येणाऱ्या परिचारिकेच्या पेटीतही ते असते.